पाच मिनिटांनी लावतो

मी पॉलिटेक्निकमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. वायर नाही तर करंट नाही, करंट नाही तर घंटी नाही – एवढं मला कळतं. पेपरात छापून येणारे असले अद्भुत अनुभव मी आजवर बायकोला मोठ्यानं वाचून दाखवून हसलो आहे. त्यामुळे हे लिहायला वर्ष लागलं. खरं तर उशिराचं कारण तो फोन नाही, त्यामागचं माझं वागणं आहे...

अमरावतीत राजापेठला आमचं घर. मी बारावीत होतो तेव्हा अख्ख्या गल्लीत फोन आमच्याचकडे. लोक अर्जावर, पत्रिकेवर आमचा नंबर देत आणि पुढे 'पी.पी.' लिहीत. म्हणजे फोन आला की मी पळायचं, ज्याचा त्याला बोलावून आणायचं. लावणारा तोवर ठेवून द्यायचा आणि पाच मिनिटांनी पुन्हा लावायचा. त्या फोननं आम्हाला मान दिला, कुणाला नोकरी लागली की पेढा आधी आमच्याकडे. पण घरात निवांत जेवण म्हणून झालं नाही.

शेजारी वत्सलाकाकू, मधे एकच भिंत. मूलबाळ नाही. त्यांचे यजमान, काकाजी, अकोल्याला कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर. पंधरा दिवसांनी घरी येत. मधल्या रविवारी अकराला बूथवरून फोन करत.

त्या रविवारी मी दुसऱ्याच फोनची वाट बघत होतो. ट्यूशनमधली एक मुलगी अकराला लावणार होती. घरचे चांदूर रेल्वेला लग्नाला गेलेले. काकू येऊन बसल्या असत्या तर अर्धा तास हलल्या नसत्या.

घंटी वाजली. "बाबू, काकूले बोलाव बरं. पाच मिनिटानं लावतो."

मी गेलो नाही. तिथंच बसून राहिलो. पुन्हा वाजला तेव्हा म्हणालो, "दाराले कुलूप आहे, काकाजी."

"बरं... आली का सांगजो, मी लावला होता म्हणून."

तेही सांगितलं नाही. त्या मुलीचा फोन आलाच नाही, ती गोष्ट वेगळी. त्याच संध्याकाळी काकाजी अकोल्यात खोलीवर छातीत दुखून गेले. सोमवारी सकाळी निरोप आमच्याच फोनवर आला, आणि बाबांनी काकूंना आणायला मलाच पाठवलं. पदर सावरत त्या म्हणाल्या, "त्यायचाच आहे ना?"

तेहतीस वर्षं हे मी गिळून होतो. काकूंची औषधं आणली, दवाखाने केले. लोक म्हणत, पोटच्या पोरासारखा करते. मला ते ऐकवत नसे.

आता मागच्या उन्हाळ्याचं. आई गेल्यावर कनेक्शन बंद केलं होतं. घराला रंग दिला तेव्हा खिडकीजवळची वायर मी स्वतः पक्कडीनं तोडली. फोन तेवढा राहिला, आईनं विणलेल्या क्रोशाच्या रुमालाखाली. रविवार होता, बायको दर्यापूरला माहेरी. कूलर लावून पेपर वाचत होतो – आणि फोन वाजला.

मोबाइल नाही. तो. सवयीनं उचलला. खरखर... मग, "बाबू, काकूले बोलाव बरं. पाच मिनिटानं लावतो."

ठेवला. टेबलामागे वायरचं तुटकं टोक लोंबत होतं. हातात धरून पाहिलं. अकरा वाजले होते. भीती वाटली नाही. या वेळी जायचं, एवढंच डोक्यात.

काकू आता ऐंशीच्या पुढे. दार उघडं होतं आणि त्या चपला घालून उंबऱ्यात उभ्या.

"वाजला ना?"

"तुम्हाले आयकू आला?"

"बहिरी नाही झाली मी अजून. चाल."

फोनजवळच्या खुर्चीत बसल्या. पाच मिनिटं झाली, दहा झाली. वाजला नाही. त्या वेळात मी सगळं सांगून टाकलं – मुलगी, कुलूप, न दिलेला निरोप.

काकू फोनकडेच बघत होत्या. "खोटं बोलला, वाईटच केलं तू." मग म्हणाल्या, "दोन खेपा वाजला होता त्या दिवशी. भिंतीतून आयकू आला होता मले."

"मंग आल्या काहून नाही?"

"तुही आई एकडाव बोलली होती – हे घर आहे का तारऑफिस. तवापासून बोलावल्याबिगर येतच नव्हती मी. इतके वर्षं मले वाटे, आपणच उठून गेलो असतो त... तू एकटाच काय घेऊन बसला रे."

मग त्यांनी रुमाल बाजूला केला, रिसीव्हर उचलून कानाला लावला. "हाव... आली मी. पोरानं बोलावलं."

बराच वेळ तशाच बसल्या. त्यांना काय ऐकू आलं, मी विचारलं नाही. ठेवल्यावर म्हणाल्या, "चहा टाक. साखर कमी."

बायको म्हणते, उन्हाचा परिणाम. असेल, पण मग काकूंना घंटी कशी ऐकू आली? फोन मी खोलून पाहिला, आत धुळीशिवाय वेगळं काही नव्हतं. मला अजून कळलेलं नाही, ज्यानं कुणी लावला त्याचे उपकार मात्र विसरता येत नाहीत. तो परत वाजला नाही. काकू दर रविवारी अकराच्या सुमाराला येतात. कुणी बोलवायला जात नाही.