सिस्टरांची पहिली फजिती

सिस्टरांच्या हातून कधी काही चुकत नसे, आणि हीच त्यांची सगळ्यात मोठी अडचण होऊन बसली होती.

एकतीस वर्षं त्यांनी हॉस्पिटलच्या ऑपरेशन थिएटरमध्ये काढली. तिथे कापसाचे बोळे मोजून आत जायचे आणि मोजून बाहेर यायचे. एक जरी कमी भरला तरी सिस्टर सर्जनसाहेबांना शेवटचा टाका घालू देत नसत, मग साहेब कितीही डोळे वटारोत. अशा शिस्तीत मुरलेलं माणूस निवृत्त झालं म्हणून सैल पडत नाही. जित्याची खोड म्हणतात ती हीच. यजमान शिंपी. पण त्या घरात शिंप्याच्या टाचण्यासुद्धा संध्याकाळी मोजून डबीत जात.

शेवटी यजमानांनीच कंटाळून त्यांना स्क्रोल सॉ आणून दिला. म्हणाले, "दिवसभर माझ्या मशीनपाशी उभी राहून माझे टाके तपासतेस, त्यापेक्षा हे घे तुझं तुला मशीन." यंत्र दिसायला शिवणयंत्राचंच भावंड. फक्त सुईच्या जागी सुतळीहून बारीक करवतीचं पातं, वरच्या आणि खालच्या चिमट्यात ताणून बसवलेलं, झरझर खालीवर होणारं. त्याखालून पातळ फळी फिरवत न्यायची आणि वेली, पानं, पक्षी कोरून काढायचे. सिस्टर त्या यंत्राच्या प्रेमातच पडल्या. मागच्या खोलीत खिडकीखाली त्यांनी बाक मांडला, आणि सहा महिन्यांत हात असा बसला की नणंदबाई बघायला आल्या तेव्हा म्हणाल्या, "वहिनी, एखादं पान तरी वाकडं जाऊ द्या हो. आम्हालाही जगू द्या!"

या हौशी मंडळींचा फोनवर एक ग्रुप होता. दीडशेएक माणसं, त्यात बेकरीवाला, दाताची डॉक्टरीण, दोन वकील, कोण कोण. ग्रुप चालवायचे चष्म्याच्या दुकानाचे मालक, म्हणून त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणत. माणूस मऊ, पण नियमाला पक्का. कुणाच्या यंत्राला खटारा म्हणायचं नाही. 'हे आधी विचारून झालंय' असं नवख्याला सुनवायचं नाही. दहाव्यांदा विचारलं तर दहाव्यांदा सांगायचं. सल्ला सगळ्यांसमोर द्यायचा, खासगीत कानाला लागायचं नाही, म्हणजे चुकीचा असला तर कुणीतरी सुधारेल. सकाळी फुलाचं चित्र पाठवून शुभेच्छा देणाऱ्याने तेच फूल संध्याकाळपर्यंत लाकडात कोरून दाखवायचं. या नियमानंतर ग्रुपवरच्या सकाळी अगदी शांत झाल्या.

आणि सगळ्यात वरचा नियम: आधी आपली फजिती, मग सल्ला. कुणाला काही शिकवायचं असेल तर यंत्रापाशी आपण स्वतः काय माती खाल्ली ते आधी फोटोसकट सांगायचं.

मोठा गोड नियम होता तो. तेल किती द्यावं हे डॉक्टरीणबाई छान सांगायच्या, पण त्याआधी त्यांनी यंत्राला इतकं तेल पाजलं होतं की पांढऱ्या लाकडातल्या हंसाचा कावळा झाला होता. पातं किती ताणावं हे बेकरीवाल्याला विचारावं. त्याने वर्षभर ते ढिलं ठेवलं आणि त्याचा एकही चौकोन चौकोनी आला नाही. नवखा माणूस आधी पोट धरून हसायचा, आणि हसलेल्या माणसाला सल्ला टोचत नाही.

सिस्टरांकडे मात्र सांगायला काही नव्हतं. उत्तर ठाऊक, बोटं शिवशिवतायत, आणि बाई मूग गिळून बसलेल्या. एकदा न राहवून त्यांनी थेट सल्ला लिहिला, तर चष्मेवाल्यांनी विचारलं, "सिस्टर, आणि तुमची फजिती?"

"माझी अजून झालेली नाही."

"मग होईपर्यंत थांबू. आम्हाला घाई नाही."

दीडशे जणांनी हसरे चेहरे टाकले. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, पण सिस्टरांना ते लागलं. सगळ्यांच्या गप्पा दाराबाहेरून ऐकाव्यात, तसे त्यांचे आठ महिने गेले.

मग एका सोमवारी ग्रुपवर पोस्टमन आले. नुकतेच निवृत्त झालेले. नातीसाठी लाकडाचा घोडा करायला घेतलेला, पण पातं दर दोन मिनिटांनी वरच्या चिमट्यातून निसटायचं. मंडळी धावली. स्क्रू घट्ट करा. केला, इतका की हाताला फोड आला. पातं बदला. बदललं. ताण कमी करा, ताण वाढवा. सगळं झालं. गुरुवारी त्यांनी लिहिलं: "आयुष्यभर सायकल मारून गुडघे गेले, म्हणून बसून करायचं काही घेतलं होतं. तेही मला जमत नाही. रविवारी यंत्र देऊन टाकतो आणि ग्रुप सोडतो. तुम्ही सगळे फार चांगले आहात."

निवृत्तीनंतरचे ते पहिले रिकामे दिवस सिस्टरांनीही पाहिले होते. आणि पोस्टमनचं दुखणं त्यांना पहिल्या दिवसापासून कळलं होतं! नवं पातं गंजू नये म्हणून कारखान्यातून तेलाचा हात लागूनच येतं. टोकं बुळबुळीत, मग चिमट्यात टिकणार कशी? सिस्टर प्रत्येक पात्याची टोकं स्पिरिटच्या बोळ्याने पुसून मगच बसवत. इंजेक्शनच्या आधी दंड पुसावा तसं ते त्यांच्या हाताला सवयीचं होतं. म्हणूनच त्यांचं पातं कधी निसटलं नाही, आणि म्हणूनच सांगायला फजिती नव्हती.

"काहीतरी ठोकून दे की," यजमान म्हणाले. "कोण बघायला येतंय?"

"खोटी नोंद? मी?"

"बरं, मग एखादं पान मुद्दाम मोड."

शुक्रवारी त्यांनी खरंच तो प्रयत्न केला. नणंदेच्या घड्याळासाठी वेलबुट्टीची चौकट पाच आठवडे कोरत आणली होती, ती समोर घेतली. पण जाणूनबुजून वाकडं जायला हात तयार होईना. जुन्या फळीच्या तुकड्यावर गिरवलेली 'चूक'सुद्धा इतकी सुबक आली की यजमानांनी ती भिंतीवर लावूया म्हटलं.

शनिवारी सकाळी मात्र सिस्टरांनी निश्चय केला. नियम मोडायचा. चष्मेवाले काढून टाकतील तर टाकोत. ग्रुप सुटेल, जिवाला लागेल, पण तो माणूस हात चोळत बसता कामा नये. मन शांत व्हावं म्हणून आधी चौकटीतलं शेवटचं पान कापू म्हणाल्या. डोक्यात निरोपाची जुळवाजुळव चाललेली. पातं घेतलं, पुसलं, बसवलं, यंत्र सुरू केलं.

फळीने टुणकन उडी मारली. दातांनी तिला वर उचललं, खाली आपटलं, पुन्हा उचललं, आणि काड् असा आवाज होऊन पाच आठवड्यांची वेल मधोमध मोडली.

पात्याचे दात खालच्या दिशेला रोखलेले असावे लागतात. सिस्टरांनी पातं उलटं लावलं होतं. जी चूक अगदी पहिल्या दिवशीचा शिकाऊ करतो, ती!

"मोडलं! अहो, मोडलं!"

यजमान गळ्यातल्या टेपसकट धावत आले. त्यांना वाटलं बोट गेलं. पाहतात तर बाई दोन तुकडे दोन हातांत नाचवतायत.

"उलटं लावलं मी! उलटं! फोटो काढा आधी!"

"अगं, पण माझ्या बहिणीचं घड्याळ..."

"तिला जगू दे म्हणावं! फोटो काढा!"

फोटो गेला. खाली सिस्टरांनी लिहिलं: "पातं उलटं बसवलं. पाच आठवड्यांचं काम पाण्यात. ही माझी फजिती. आता सल्ला. पोस्टमनसाहेब, यंत्र कुणालाही देऊ नका. पात्याची दोन्ही टोकं स्पिरिटने पुसा, चिमट्याचा आतला भागही पुसा, कोरडं करा, मग बसवा. काखेत कळसा आहे, घरातली औषधांची पेटी उघडा."

पुढची चाळीस मिनिटं पोस्टमनकडून काही नाही. सिस्टर फोनसमोर बसून राहिल्या. चहा निवला. मग एक व्हिडिओ आला. यंत्राची अखंड घरघर, त्याखाली फिरणारी फळी, आणि घोड्याचा एकेक पाय मोकळा होत चाललेला. मागून पोस्टमनचा आवाज, "टिकलं हो, सिस्टर! टिकलं!"

यजमानांनी टाळ्या वाजवल्या. सिस्टर हसत हसत खालचे निरोप वाचू लागल्या. बेकरीवाल्याने लिहिलं होतं, "असू दे सिस्टर, होतं असं." डॉक्टरीणबाईंनी, "फार वाईट वाटलं वेल बघून. माझंही तीनदा झालंय, असू दे." चष्मेवाल्यांनी, "असू द्या. हळूहळू पुन्हा कराल. आणि या, आत या." एकामागून एक, ज्यांची नावंही ठाऊक नव्हती अशी माणसंसुद्धा.

आणि सिस्टरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"आता काय झालं?" यजमान घाबरले. "घड्याळाचं मनावर घेतलंस?"

त्यांनी मान हलवली. पदराने डोळे पुसले. "एकतीस वर्षं," त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षांत मला कुणी 'असू दे' म्हटलं नव्हतं हो. म्हणायची वेळच येऊ दिली नाही मी कुणावर."

यजमान खुर्ची ओढून त्यांच्या शेजारी बसले आणि म्हणाले, "पहिल्यापासून वाच बरं. मोठ्याने. मलाही ऐकू दे."

सिस्टरांनी नाक पुसलं आणि सगळे निरोप पहिल्यापासून वाचायला घेतले. एकही गाळला नाही.