फक्कीचं रिंगण

माझ्या व्याह्यांइतका संशयी माणूस आख्ख्या बीड जिल्ह्यात झाला नसेल. हे वाक्य त्यांनी वाचलं असतं तर ‘जिल्हा तपासून पाहिलाव का?’ असं विचारलं असतं. एसटीच्या लाल गाड्यांमध्ये चढून तिकिटं तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त होऊन पाटोद्यात स्थिरावल्यावर गाडी सुटली, तपासणी काही सुटली नाही. सोयरीक ठरवताना माझ्या मुलीच्या गुणपत्रिकेची झेरॉक्स त्यांनी हळूच बाजूला सारली होती आणि ‘मूळ प्रत हाय का?’ असं फार नम्रपणे विचारलं होतं. मी शाळामास्तर. मला ते मनापासून पटलं.

उन्हाळा हा त्यांचा आवडता हंगाम. पानगळ झाली की कुणाला लपता येत नाही, असं ते म्हणत. सकाळी अंगणातल्या झाडांना पाणी घालायचं, मग गळ्यात दुर्बीण अडकवून माळावर फिरायचं आणि ऊन चढलं की घरी येऊन वाचत पडायचं. ऐकायला हा दिवस शांत वाटतो. पण अंगणातल्या कागदी लिंबाच्या प्रत्येक फळावर खडूची बारीक खूण असे. माझ्या मुलीनं सरबतासाठी एखादं लिंबू तोडलं की सासरे जेवताना ‘आज सरबत झालं वाटतं’ एवढंच बोलत. वाचनालयातून रहस्यकथा घेताना ते आधी सगळी पानं जागेवर आहेत का ते बघत, नंतर शेवटचं प्रकरण तिथेच उभ्यानं वाचत. ‘लेखक लई लबाड असतेत, पाव्हणे. कुठं उतरायचंय ते आधीच विचारून घ्यावं,’ हे त्यांचं साहित्यविषयक मत.

पक्ष्यांकडे तर ते पाहत नसत, त्यांची चौकशी करत. कोकिळेच्या आवाजानं मी थबकलो की म्हणत, ‘गाणं काय ऐकताव? लेकरू कावळ्याच्या घरट्यात बिनतिकिटाचं बसवलंय. अन् कावळा म्हंजे झोपलेला कंडक्टर.’ दुर्बीण त्यांनी मला कधीच हातात दिली नाही. फार विनवलं तर गळ्यातला पट्टा न काढता ती माझ्या डोळ्यांपुढे धरत, आणि मला त्यांच्या छातीशी वाकून पक्षी शोधावा लागे. पक्षी सापडत नसे. त्यांच्या सदऱ्याचा निळीचा वास मात्र येई.

माझी पत्नी गेली त्यानंतर ते रोज सकाळी दोन गल्ल्या ओलांडून माझं दार वाजवू लागले. ‘घरात एकटेच काय करताव, बघायला आलो,’ असं म्हणत आणि खोलीभर खरोखरच नजर फिरवत. मी चपला घालून त्यांच्याबरोबर निघत असे.

अशाच एका सकाळी माळावर त्यांना धाविक पक्ष्याची अंडी दिसली. हा पक्षी घरटं बांधतच नाही. उघड्या जमिनीवर, खड्यांसारखीच ठिपकेदार अंडी घालतो आणि कुणी जवळ आलं की तुरुतुरु पळत सुटतो. व्याही बराच वेळ तिथे उकिडवे बसून राहिले. ‘ना दार, ना कडी,’ ते कुजबुजले. ‘असं कुणाच्या भरवशावर ठिवलं आसंल हो?’ मेंढरांचा एक कळप वरून गेला असता तर सगळं संपलं असतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पिशवीतून मैदान आखायची पांढरी फक्की आणली आणि अंड्यांपासून बरंच अंतर राखून भोवती रिंगण आखलं. मी म्हटलं, इथे मेंढरं चारणाऱ्या धुरपदाबाईंना सांगून ठेवू.

‘अजिबात न्हाई. एकाला सांगितलं की गावाला कळतंय. तुमी संगं नसताव तर तुमाला बी सांगितलं नसतं.’

पण आमच्या माळावर फक्की दिसली की लोकांच्या मनात एकच गोष्ट येते, पवनचक्कीसाठी जमीन मोजणारी कंपनी. त्यात हा माणूस रोज दुर्बीण लावून हिंडणारा. पुढच्या सकाळी आम्ही पोचलो तर रिंगणाच्या कडेला धुरपदाबाई काठी टेकून उभ्या, मागे मेंढरं आणि बाजूला चार-दोन शेतकरी.

‘ही फक्की कुनाच्या हुकमानं टाकली?’ बाईंनी विचारलं.

‘टाकली आसंल कुणी.’

‘तुमच्या धोतराला लागलीय की! आमची चराई मोजून कंपनीला द्यायला निघालाव व्हय?’

‘तसं काई न्हाई.’

‘मंग काय हाय ते सांगा.’

‘तुमाला कावून सांगू?’

‘नका सांगू. मेंढरं घालते आत. जाईल समदं पुसून.’

बाईंनी हाळी दिली. पुढच्या मेंढ्यानं रेघेवर पाय ठेवला. मी बोलायला तोंड उघडलं, पण व्याह्यांनी असं पाहिलं की मिटून घेतलं. ते एकदा बाईंकडे, एकदा मेंढरांकडे बघत राहिले. आणि ज्या माणसानं किती वाजले हेही कुणाला सहज सांगितलं नव्हतं, तो दोन्ही हात पसरून कळपासमोर उभा राहिला.

‘बाई, आत लेकरं हायत.’

मग त्यांनी गळ्यातला पट्टा काढला आणि दुर्बीण सरळ धुरपदाबाईंच्या हातात दिली. बाईंनी आधी ती उलटी धरली, मग सुलटी. ‘खडेच हायत की सारे,’ म्हणाल्या. तेवढ्यात मादी उठून पळाली. ‘आगं बया! पळती कशी बघ, चुलीवर दूध ठिवून आल्यावानी!’ शेतकरी हसले. बाईंनी कळप वळवला आणि जाताना दटावलं, ‘आधी बोलायला काय झालतं हो तुमाला?’

त्या उन्हाळ्यात व्याही रोज जाऊन बाई राखण नीट करतात का ते बघत, आणि बाई हे नेमाने येतात का ते बघत. पिल्लं माळावर पळाली तेव्हा दोघांनीही ती आधी आपल्याला दिसली असा दावा केला.

गेल्या हिवाळ्यात व्याही गेले. छातीत कळ असताना त्यांनी डॉक्टरांना पदवी कुठली ते विचारून घेतलं. मुलीनं दुर्बीण माझ्याकडे आणून दिली. यंदा उन्हं तापल्यावर मी ती गळ्यात घालून एकटाच माळावर गेलो. धुरपदाबाई बाभळीखाली बसल्या होत्या.

‘यंदा अंडी आहेत का?’

‘हायत की.’

‘कुठे?’

बाईंनी मला आणि दुर्बिणीला नीट न्याहाळलं. ‘त्ये न्हाई सांगायची.’

‘अहो, मी त्यांचा व्याही. ओळखलं नाही का?’

‘वळखलं, म्हनूनच. त्यांनी बजावून ठिवलंय, कुनाला दावायचं न्हाई. इवाई इचारतील, त्यांला बी न्हाई.’

मला हसू आलं आणि ते लवकर आवरेना, म्हणून मी चष्मा पुसत राहिलो. बाईंनी सावलीत थोडी जागा केली.

‘बसा की. पर तोंड गावाकडं करून.’

मी माळाकडे पाठ करून बसलो. दुर्बिणीच्या पट्ट्याला अजून निळीचा वास येत होता.