सासूबाई तलवार बघतायत

नाशिकहून सहलीच्या बसने आम्ही कोकणातला एक किल्ला बघायला गेलो होतो. गडावरच्या संग्रहालयात आमच्यातलीच एक बाई व्हिडिओ कॉल लावून प्रत्येक काचेपुढे उभी राहायची आणि मागे रांग तुंबायची.

“अहो, पुढे सरका,” मी म्हटलं.

“थांबा हो ताई, सासूबाई तलवार बघतायत. अंथरुणाला खिळल्यात. समुद्र तर त्यांनी कधीच पाहिला नाही.”

तटावर पोहोचलो आणि नेमकं तिचं नेट संपलं. चेहराच पडला तिचा. खाली बस जेवणासाठी खोळंबली होती. शेवटी वैतागून मीच माझा हॉटस्पॉट दिला.

पडद्यावरच्या म्हातारीने समुद्राला हात जोडले आणि लगेच विचारलं, “तू जेवलीस का गं?”

जेवलो तर आम्ही कुणीच नव्हतो, हिच्यापायीच.