जहाजावर नसलेला म्हातारा

भद्रावतीत बसून मी दोन वर्षं इंग्लंडातली माणसं अमेरिकेला पाठवली. त्यातलं एकही परत आलं नाही, त्यावरून काम चांगलं झालं असावं.

दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी इंग्रज कुटुंबं शिडाच्या जहाजांतून अमेरिकेला निघायची. जहाजाच्या कप्तानाला प्रवाशांची यादी करावी लागे: नाव, वय, धंदा, कुठून आला, कुठे चालला. अशा याद्यांचे फोटो एका परदेशी कंपनीकडे होते. अमेरिकेतले लोक त्यांत आपले पूर्वज शोधत. पण कप्तानाचं अक्षर संगणकाला शोधता येत नव्हतं, ते आधी कुणीतरी टाइप करायला हवं. हे 'कुणीतरी' स्वस्तात कुठे मिळेल, हे बघत बघत काम चंद्रपुरात एका मोबाइलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर येऊन पोचलं. तिथे सहा संगणक, एक कूलर आणि एक सर होते. मी इंग्रजी घेऊन एम.ए. केलं होतं आणि सासर सोडून वडिलांकडे परत आले होते. सर म्हणाले, "मॅडम, घरी बसून तुमचं इंग्रजी वाया चाललंय." ते खरंच होतं. त्यानंतर ते त्यांच्याकडे वाया जाऊ लागलं.

पहिल्याच महिन्यात आम्ही घोळ घातला. यादीत गावाच्या रकान्यात पहिल्या ओळीत काहीतरी लिहिलेलं असे आणि खाली प्रत्येक ओळीत डी आणि ओ अशी दोनच अक्षरं. मला वाटलं, डो नावाचं गाव असेल. सरांना विचारलं. त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाले, "असेल. मोठं गाव दिसते." मग आम्ही सहा जणींनी मिळून अर्धं इंग्लंड डो गावात नेऊन वसवलं. धंद्याच्या रकान्यातही डो यायला लागलं तेव्हा गावावरूनच धंद्याचं नाव पडलं असेल, असं आम्ही ठरवलं. कंपनीचं पत्र आलं तेव्हा कळलं, डो म्हणजे 'वरीलप्रमाणे'. सगळं गाव एका दुपारीत उठवावं लागलं, तेही पुनर्वसन न देता.

गाव उठवण्याची अशी थट्टा मी फक्त ऑफिसात करत असे. आमचं स्वतःचं गाव खदानीत गेलं होतं. आम्ही ढिवर. माझा बा गावच्या तलावात डोंग्यातून मासे धरायचा, त्याच तलावात शिंगाडे लावायचा. खदान आली तसा तलाव गेला आणि आम्हाला भद्रावतीजवळच्या वसाहतीत सिमेंटची घरं मिळाली. घरात नळ होता. त्याच्याकडे बघून बा म्हणायचा, "यात का टाकू, जाळं?"

बसने रोज चंद्रपूरला जाऊन माझी पाठ धरायला लागली, तेव्हा सरांनी एक संगणक घरी नेऊ दिला. बाला करायला काही नव्हतं. तो माझ्यामागे खुर्ची टाकून बसू लागला. आठवडाभरात त्याला रकाने पाठ झाले.

"आज कोन चाललं?" तो सकाळी विचारायचा.

"एक लोहार, बायको, चार पोरं. दोन दर्जी. एक विधवा, तिची बहीण."

"काऊन चालले पन हे?"

मी वाचलेलं सांगायची. कुणाची चराईची जमीन मालकाने कुंपण घालून घेतली, कुणाचा हातमाग यंत्राने बंद पाडला, कुणाला नुसतंच वाटलं की तिकडे बरं असेल.

"म्हंजे खदान लागली," बा म्हणायचा. लोहार, दर्जी, विधवा, कुणाचंही कारण सांगा, त्याचं उत्तर ठरलेलं.

शिडाचं जहाज ही गोष्ट मात्र त्याच्या डोक्यात बसेना. डोंगा बांबूने रेटायचा असतो, ही त्याची आयुष्यभराची समजूत. वसाहतीच्या तोंडाशी एका चाचांचं दुकान होतं. ते कोळशाच्या ट्रकांच्या ताडपत्र्या शिवायचे. बा त्यांना घरी घेऊन आला. मी जहाजाचं चित्र दाखवलं. चाचांनी जहाज पाहिलंच नाही, ते कापडाची शिवण बघत राहिले.

"दोहरी सिलाई हाय," ते म्हणाले. "पट्टे जोडून शिवलं, भाऊ. एका थानाचं असतं तर पयल्याच हवेत फाटलं असतं."

"पन उलटी हवा आली तर?" बाने विचारलं.

"तर उलटे जातील. जल्दी कोनाले हाय?"

त्या दिवसापासून चाचाही दुपारच्या चहाला यायला लागले. दोघांपैकी कुणीही समुद्र पाहिला नव्हता. मीही नाही. तरी रोज दुपारी आम्ही तिघं निदान एक जहाज अमेरिकेला लावायचो.

मार्चमध्ये यादीत एक कुटुंब आलं. विणकर, त्याची बायको, पाच मुलं आणि अडुसष्ट वर्षांचा म्हातारा, विणकराचा बाप. त्याच्या धंद्यापुढे लिहिलं होतं: काही नाही. मी तसंच वाचून दाखवलं.

बा खुर्चीवरून उठला. "अडुसष्ट वर्साचा मानूस अन् धंदा काई नाई? अरे, पोराले मागावर कोनं बसवलं मग?"

त्याला का लागलं ते मला ठाऊक होतं. आमच्या गावाचा सर्व्हे झाला तेव्हा बाच्या नावावर शेत नव्हतं आणि तलाव कुणाच्याच नावावर नव्हता. व्यवसायाच्या रकान्यात बाबूने एकच शब्द लिहिला होता: निरंक. बाला त्याचा अर्थ विचारत गावभर फिरावं लागलं आणि अर्थ कळल्यावर तो दोन दिवस जेवला नव्हता.

मग मला दिसलं की म्हाताऱ्याच्या नावावर आडवी रेघ आहे आणि समासात बारीक अक्षरात लिहिलंय: जहाजावर नाही.

"म्हंजे मेला?" बा म्हणाला.

"नाही. मेलेल्यांची यादी शेवटी वेगळी असते. तिच्यात तो नाही. याचा अर्थ तो चढलाच नाही, नाहीतर चढून उतरला."

"उतरला का उतरवला?"

"ते नाही लिहिलेलं."

चाचांचं मत पडलं की डॉक्टरने खोकला बघून उतरवला असेल. बाला ते पटलं नाही. त्याच्या मते म्हातारा स्वतः उतरला. पोरं सामान लावण्यात गुंतली असतील, तेव्हा तो गुपचूप फळीवरून खाली आला. "हात दाखवला असन त्यानं खालून," बा म्हणाला. "तोवर जहाज सुटलं."

कंपनीचा नियम स्पष्ट होता: रेघ मारलेली नावं टाइप करू नयेत, समासातलं काही घेऊ नये. इतके दिवस मी तो पाळला होता. खरं म्हणजे मला नियम आवडायचे, संसारात ते कुणी पाळले नव्हते. पण बा मागे उभा होता.

"लिव त्याचं नाव," तो म्हणाला.

"बा, चालत नाही."

"आठ मानसाचं घर होतं. तू सात लिवशीन?"

मी नाव लिहिलं. टिपणीच्या जागी 'जहाजावर नाही' असंही लिहिलं. बाने नावावर बोट ठेवलं आणि पडद्यावर डाग पाडला.

पुढे चार महिने काही झालं नाही. मग एका सकाळी सरांचा फोन आला. सरांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता, म्हणजे भानगड परदेशातली होती.

"मॅडम, एक म्हातारा जास्तीचा घातला का तुम्ही?"

अमेरिकेतल्या एका बाईंची तक्रार आली होती. त्या विणकराच्या पाचव्या-सहाव्या पिढीतल्या. त्यांच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले होते की मूळपुरुष वादळात जहाजावर वारला. साऱ्या कुटुंबाने भोवती उभं राहून प्रार्थना म्हटली आणि त्याला समुद्राच्या स्वाधीन केलं. दरवर्षी सगळे नातेवाईक एका बागेत जमतात तेव्हा ही कहाणी मोठ्याने वाचली जाते. आणि आता कंपनी म्हणते की तो जहाजावर नव्हताच. बाईंनी अत्यंत सौजन्याने ही चूक दुरुस्त करायची विनंती केली होती.

"चूक नाही ती, सर. कागदावर लिहिलेलं आहे."

"कागदावर रेघ आहे ना? रेघवाले घ्यायचेच नाहीत. नियम तुम्हीच तोडला."

हे अगदी बरोबर होतं. खोटं त्या बाईंचं होतं आणि नियम त्यांच्या बाजूने होता. मी म्हाताऱ्याची ओळ निवडली आणि पुसली. त्याला अर्धा सेकंदही लागला नाही. कप्तानाला निदान पट्टी धरून रेघ ओढावी लागली होती.

आता बाला सांगायचं कसं, हा प्रश्न होता. खोटं सांगायचं माझ्या मनात होतं. पण दुपारी तो आणि चाचा चहाला बसले आणि बाने नेहमीप्रमाणे विचारलं, "काई खबर?" तेव्हा मी सगळं सांगून टाकलं. तक्रार, वादळ, प्रार्थना, पुसलेली ओळ. कंपनीच्या वेबसाइटवरचं त्या बाईंच्या घराण्याचं पान उघडून दाखवलं. तिथे म्हाताऱ्याच्या नावापुढे लिहिलं होतं: समुद्रात मृत्यू, कुटुंबीयांच्या सान्निध्यात.

चाचा भडकले. "सरासर झूट हाय हे! बुढ्ढ्याले किनाऱ्यावर सोडून गेले, अन् वरून फातिहा पढून राह्यले!"

बा कधी नव्हे इतका शांत होता. त्याने मला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. सान्निध्यात म्हणजे काय, ते विचारलं. मी म्हटलं, जवळ. सगळे जवळ असताना.

"राहू दे मग," तो म्हणाला.

मला त्याचा राग आला. ज्याच्यासाठी मी नियम मोडला तोच आता खोट्याच्या बाजूने. "बा, तूच म्हणाला होता नं, लिव म्हणून?"

"म्हनलं होतं. तवा त्याचं कोनी नव्हतं." त्याने बशीत चहा ओतला. "आता त्यायले वाटून राह्यलं का तो संग होता. पोराले पस्तावा झाला असन, त्यानं सांगितलं असन लेकरायले असं. हात दाखवत उभा राह्यला म्हनून कोन सांगते आपल्या लेकरायले?"

"सच तो सच हाय, भाऊ," चाचा म्हणाले.

"तुमी ताडपत्र्या शिवा."

यावर चाचा कप अर्धा ठेवून उठले. दोघं आठ दिवस बोलले नाहीत. मधल्या काळात एकदा चाचांनी दुकानातून मला हाक मारून विचारलं, त्या विणकराचं पुढे काय झालं, पोचला का? मी सांगितलं, पोचला, एका कापडाच्या गिरणीत लागला. म्हणजे जे यंत्र चुकवायला निघाला त्याच्याच दारात उभा राहिला. चाचांना त्याचं काही वाटलं नाही. गिरणी होती तर शिवणही असेल, एवढं ते म्हणाले आणि मशीन पुन्हा सुरू केली.

त्या दिवाळीच्या आधी काम बंद झालं. कंपनीला असं सॉफ्टवेअर मिळालं होतं जे कप्तानाचं अक्षर आपोआप वाचतं. सर म्हणाले, ते आपल्यापेक्षा कमी चुका करतं. डो गावाची आठवण काढायचा मोह सरांचा चेहरा पाहून आवरला. संगणक परत न्यायला टेम्पो आला तेव्हा बाने चाचांना हाक मारली, आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून तो दारच्या पायऱ्यांवरून खाली उतरवला.