साडेसहा सुताचा ब्रेक

गाडीचा ब्रेक बघायला सांगितला की आमचे ब्रेकचाचा आधी गिऱ्हाइकाला विचारत, "काल रातच्याला काय जेवलासा?" नवीन माणूस गडबडून जायचा. आपण काय सांगतोय आणि हा म्हातारा काय विचारतोय! पण उत्तर दिल्याशिवाय चाचा पान्याला हात लावत नसत.

कोल्हापुरात उद्यमनगरच्या एका बोळात, दोन फाउंड्र्यांच्या मध्ये, त्यांचं पत्र्याचं दुकान होतं. आत जुन्या जीपचं एक सीट जमिनीला बोल्टनं पक्कं केलेलं आणि समोर भिंतीला टेकवून दवाखान्यातला वजनकाटा उभा लावलेला. रेसची गाडी घेऊन येणाऱ्याला ते त्या सीटवर बसवायचे. काट्यावर पाय रोवायचा, ब्रेकसारखा दाबत राहायचा आणि दाबता दाबता काल रात्रीचं जेवण सांगायचं. चाचा पाठ करून उभे राहायचे. माणूस आमटीवरून भातावर येईपर्यंत आवाज जरा ओढल्यासारखा झाला की "बास!" म्हणून वळायचे आणि त्या क्षणाचा आकडा खडूनं भिंतीवर लिहायचे. "पयल्या दणक्याला कुणाचाबी पाय पैलवान असतोय," ते म्हणायचे, "मला शेवटच्या फेरीचा पाय पायजे."

मी त्यांच्याकडे गेले ती रडकुंडीला येऊन. वडिलांची जुनी छोटी कार मी मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतींसाठी तयार केली होती. तीन शर्यतींत उतरले आणि तिन्ही वेळा ब्रेक कमी पडून आपटलेली गाडी टोचन करून घरी आणली. दूध घालायला डेअरीत आलेली माणसं वडिलांना विचारायची, "काय अण्णा, लेकीची गाडी चालतीया का वढत आणायचीच हाय?" शेवटी अण्णांनी सांगून टाकलं, "आता एकदा जरी दोरीला बांधून आणलीस, तर तशीच भंगारात घालणार." अण्णा बोलले म्हणजे बोलले. चौथी शर्यत महिन्यावर आली होती आणि ती पुरी करणं एवढंच माझं मागणं होतं.

त्यासाठीच मी पुढच्या चाकांना चार-चार पिस्टनचे मोठे कॅलिपर, म्हणजे चाकाची तबकडी आवळणारे ब्रेकचे चिमटे, बसवले होते. पायाला मदत करणारा बूस्टर वजन कमी करायला आधीच काढून टाकला होता. आता गाडी जागच्या जागी थांबणार, अशा तोऱ्यात पहिल्यांदा पेडल दाबलं, तर ते लोण्यात बोट जावं तसं खालपर्यंत गेलं!

चाचांनी पेडल हातानंच एकदा दाबून बघितलं आणि इंजेक्शनच्या दोन सिरिंज काढल्या, एक बारीक, एक जाड. नळीनं जोडून पाणी भरलं आणि माझ्या हातात दिल्या. बारकी दाबायला हलकी, पण सगळी रिकामी झाली तरी जाड सिरिंजचा दट्ट्या जेमतेम हलला. "कळलं का, बाळ? चाकाजवळ चार रांजण बसवलंस आणि भरायला तांब्या तसाच ठेवलास. पेडलमागचा मास्टर सिलिंडर बदल." मग लगेच बोट वर करून म्हणाले, "पर तांब्याच्या जागी घागर घेशील तर उचलायची कुणी? पाय तुझा हाय."

चाचा मिलिमीटर मानत नसत. त्यांचा हिशेब सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात. माझ्या गाडीत सिलिंडर होता सहा सुताचा. आता कितीचा, ते पाय मोजून ठरायचं होतं. नेमकी त्या दिवशी दुकानात तीन तरणी पोरं गाड्या घेऊन थांबलेली. एक जण हळूच म्हणाला, "हिच्यानं काटा हलतोय काय!"

"बघ, कसा दाबतो," मी म्हटलं. आमच्याकडं पोरी असंच बोलतात. दोन्ही हातांनी सीट घट्ट धरलं, अंग वर उचललं आणि सगळा भार पायात घातला. चाचांची पाठ होती, त्यांना दिसलं नाही. जेवणाचं मात्र मी अगदी सावकाश, बातम्या दिल्यासारखं सांगितलं. झुणका, भाकरी, ठेचा, वर ताक. आवाज जराही हलू दिला नाही. जेवण संपल्यावर चाचांनी लिहिलेला आकडा बघून पोरांची तोंडं उघडी पडली. चाचा खूश झाले. "वाघीण हाय की गं!" म्हणाले आणि सात सुताचा सिलिंडर बसवून दिला.

सरावाला पेडल दगडासारखं. काय रुबाब वाटला सांगू! चार फेऱ्या मी नुसती उडत होते. पाचव्या फेरीत मांडी थरथरायला लागली. सहाव्या फेरीत वळण आलं, मी पाय दाबला, आणि पायानंच नाही म्हणून सांगितलं. गाडी बांध ओलांडून सरळ उसात. पाल्यातून एक शेतकरी बाहेर आला, माझ्याकडं आणि गाडीकडं बघून म्हणाला, "बाई, अजून तोड सुरू व्हायची हाय की!" त्यानं आणि त्याच्या भावानं गाडी ढकलून बाहेर काढली, म्हणून ती आपल्या चाकांवर घरी आली. नाहीतर त्याच दिवशी ती भंगारात गेली असती.

दुसऱ्या दिवशी मी चाचांना सगळं खरं सांगितलं. ओरडतील म्हणून मान खाली घालून उभी होते. ते ओरडले नाहीत, स्टुलावर बसले. भिंतीवरचा माझा आकडा ओल्या फडक्यानं पुसला. फडकं पिळत म्हणाले, "चूक माझी हाय. त्या पोरांना भाईर काढाय पायजे हुतं." मला त्यांचं ओरडणं परवडलं असतं. मी पुन्हा सीटवर बसले. दाबत दाबत जेवणाचं सांगायला लागले आणि रडायलाच आलं, कारण आदल्या रात्री मी जेवलेच नव्हते. काटा पहिल्या आकड्याच्या अर्ध्यावर होता. "ह्यो तुझा पाय," चाचा म्हणाले. "चांगला हाय. ह्याला लाजायचं न्हाय."

हिशेब निघाला साडेसहा सुताचा, आणि तो कुठंच मिळेना. चाचांनी दोन दिवस डबे उपसले, शेवटी एका मोडीत निघालेल्या टेम्पोचा काढला, घासून पुसून आतली रबरं नवी घातली. पाईपमधली हवा काढताना मी पेडलवर आणि ते चाकापाशी. "दाब... धर... सोड." पेडल थोडं खाली जायचं आणि मग पायाला टेकायचं. अगदी ओळखीचं वाटलं मला ते!

शर्यत दहा फेऱ्यांची होती. मी शेवटून दुसरी सुटले. धूळ एवढी, की पुढचा नुसता आवाजावरून कळत होता. पण वळणामागून वळण येत होतं आणि सगळे जिथं ब्रेक लावत, तिथून मी एक गाडीभर पुढं जाऊन लावत होते. एक गेला, दुसरा गेला! विहिरीच्या वळणावर तिसऱ्याला आतून काढला, तेव्हा मी हेल्मेटमध्ये एकटीच किंचाळत होते. दहाव्या फेरीला पाय पहिल्या फेरीइतकाच शांत. तिसरी आले मी, तिसरी! अण्णा जीपमध्ये दोरी घेऊनच आले होते. ती त्यांनी सीटखाली सारली आणि कुणी विचारायच्या आतच शेजारच्या माणसाला सांगितलं, "लेक हाय माझी."

चाचा जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांच्या आठवणी पुष्कळ आहेत, पण मला सगळ्यात जास्त आठवते ती त्या शर्यतीनंतरची एक दुपार. मी त्यांना हट्टानं त्याच गाडीतून राधानगरीच्या रस्त्यानं फिरायला नेलं. ते एरवी कुणाच्या गाडीत बसत नसत. मुलीकडे गडहिंग्लजला एसटीनं जावं लागलं, तर अख्खा रस्ता ड्रायव्हरच्या मागे उभं राहून त्याच्या पायाकडं बघत जायचे. जागा रिकामी असली तरी. माझ्या शेजारीही दांडी धरून ताठ बसले होते. मी बोलत होते, ते हूं हूं करत होते, मग हूं बंद झालं. एवढ्यात वळणावर चार म्हशी रस्त्यात आल्या. मी पाय ठेवला. गाडी अलगद जागेवर थांबली. "बघितलंत का, चाचा?" म्हणून मी वळले, तर दांडीवरचा हात सुटून मांडीवर पडला होता आणि चाचा तोंड उघडं टाकून चक्क घोरत होते. मी हॉर्न वाजवला नाही. म्हशी त्यांच्या सवडीनं जाईपर्यंत तशीच थांबले.