आबांच्या बंदुकीची डावी नळी

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. आजही नाहीच म्हणेन... फक्त जरा थांबून म्हणेन. इथे नाव न देता लिहिता येतं, म्हणून लिहितेय.

पोंभुर्णा तालुक्यात आमचं गाव. आबा, म्हणजे माझे आजोबा, भादव्यात गेले. त्यांची बारा बोरची दुनळी बंदूक मागे राहिली. परवाना त्यांच्या नावावर, त्यामुळे ती ठाण्यात जमा करायची होती. फॉर्ममध्ये कंपनी, दर्जा, वर्ष – सगळं रिकामं. मला इंग्रजी वाचता येतं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं.

चंद्रपूरच्या एका म्हाताऱ्या बंदूक-मिस्त्रींनी फोनवर सांगितलं, "नळ्या काढा, खालून ठसे असतात. त्यावरून वय कळते. घोड्याजवळच्या नक्षीवरून दर्जा."

दुसऱ्या दिवशी दुपारी ओसरीवर पेपर अंथरून मी नळ्या उलट्या ठेवल्या आणि टूथब्रशने ठसे घासत बसले. एक मुकुट, खाली दोन अक्षरं. समोर काका दोन काडतुसं हातात खेळवत होते. धानात डुकरं शिरत होती. बंदूक जमा करण्याआधी बांधावर एक बार काढायचाच, हा त्यांचा हट्ट.

"झालं का वो मॅडम? डुक्कर काही सर्टिफिकेट नाई मांगत."

"पाच मिनिटं, काका."

"वय, घराणं... लगन जुळवून राह्यली का तिचं?"

मी हसले नाही. शेवटचा फोटो मिस्त्रींना पाठवला आणि फोन खाली ठेवला.

आबांची एक सवय होती. बंदूक हातात घेतली की आधी उघडायची आणि नळ्यांतून फुंकायचं. उजवी, मग डावी. लांब फुंकर, शेवटी घोगरा हुंकार. तो आवाज आला की आम्ही पोरं अंगण सोडायचो. आबा गेल्यापासून कोणी फुंकलं नव्हतं.

तीच फुंकर आली. माझ्यापासून हातभर अंतरावर.

उजव्या नळीच्या तोंडातून बारीक धूळ पेपरवर रेघेसारखी सरकली. मग दुसरी फुंकर – आखूड, कोंडलेली. डाव्या नळीपुढे काहीच हललं नाही. वारा नव्हता; दोरीवरचं लुगडं स्थिर होतं.

काकांच्या हातातली काडतुसं थांबली होती.

"तू फुंकली?"

"नाही."

ते नळ्यांकडे सरकले. मग हळू म्हणाले, "आतून पाहून घे बरं."

उजव्या नळीतून अंगणातला उजेड गोल दिसला. डावीत अंधार. गज घातला तर वाळलेल्या मातीची ढेकळं पडली. कुंभारमाशीनं पावसाळ्यात आत घर केलं होतं. दुपारभर मी नळीवरची अक्षरं वाचत होते... आत एकदाही डोकावले नव्हते.

"तसा बार काढला असता तर नळी हातात फुटली असती," मिस्त्री नंतर म्हणाले. वयही सांगितलं – शंभरीच्या पुढची. दर्जा साधा. "पण जपली कोणीतरी."

काकांनी काडतुसं डब्यात टाकली. "उद्या काऊन? आजच जमा करू. अन् काकूले सांगू नको."

ठाण्यात बंदूक देण्याआधी त्यांनी ती उघडली आणि दोन्ही नळ्यांतून फुंकलं. उजवी, मग डावी. दोन्ही मोकळ्या. मग माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही, काका. हा तो आवाज नव्हता.

तो कोणाचा, हे आम्ही अजून एकमेकांना विचारलेलं नाही.