राहिलेला धवला

टेम्पोत फ्रिज चढला, कपाट चढलं, सागवानी दाराची उखडलेली चौकट चढली आणि सगळ्यात शेवटी आई चढली, दोन पाट छातीशी धरून. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, ते पाट मागं टाका, पुढं जागा नाय." आई म्हणाली, "मंग मना बी मागं टाक." आणि खरंच मागे गेली, गाद्यांच्या गठ्ठ्यावर पाट मांडीवर घेऊन बसली. मी पुढे. एरवी आई बोलायला लागली की अख्ख्या आळीला ऐकू जायचं. त्या दिवशी पनवेल येईपर्यंत मागून फक्त कपाटाचा खडखडाट ऐकू आला.

दमे, सुनंदा, माझ्या गाववाल्या मैत्रिणींनो, तुम्हाला त्या पाटांबद्दल काय सांगायचं, त्यांवर बसूनच तुम्ही सासरी गेलात. पण आपल्या मुलींना हे ठाऊक नाही, म्हणून लिहिते. आमच्या आगरी लग्नात भटजी असतोच, पण त्याच्याआधी लागते धवलारीण. हळद दळण्यापासून नवरीच्या पाठवणीपर्यंत जो जो विधी, त्याचं गाणं तिच्याकडे. त्या गाण्याला म्हणायचं धवला. माझी आई गावाची धवलारीण. गावात एवढ्या मुली उजवल्या, प्रत्येकीला आईच्या आवाजातच हळद लागली. लग्न ठरलं की आधी आईला सांगायला यायचे, हॉल आणि बँडबाजा मागून.

फक्त एक मुलगी राहिली. मी.

विमानतळासाठी गाव उठलं त्याच वर्षी माझं लग्न झालं. नवरा सजी, केरळातला. आणि कामाला कुठे? आपला डोंगर कापायचं काम चाललं होतं ना, तिथेच. तीन पायांचा स्टँड लावून दुर्बिणीतून बघत उभा असायचा तो लुकडा सर्वेयर, आठवतोय? तोच. सुनंदा, तू तेव्हा म्हणाली होतीस, "अख्खी दुनिया सोरली नि याला धरला गं!" आईने विरोध केला नाही. जेवायला वाढलं, साड्या घेतल्या, हॉलमध्ये पाहुण्यांना पाणी विचारत फिरली. पण हळदीला डीजे वाजला आणि आई खुर्चीवर बसून राहिली. गायली नाही. मी हळदीच्या हातांनी तिच्याकडे बघत होते. ती चपलांकडे बघत होती. मला वाटलं, डोंगर कापणाऱ्याला पोर दिली, म्हणून हिचा गळा बंद झालाय. राग होता तर बोलायचं ना! पण तिने सांगितलं नाही, मी विचारलं नाही, आणि ते तसंच माझ्या मनात कुजत राहिलं.

आता आम्ही पनवेलच्या नव्या सेक्टरात. भरपाईत मिळालेल्या प्लॉटवर बिल्डरने इमारत बांधली. आई दुसऱ्या मजल्यावर, मी पाचव्यावर. बाकी मजल्यांवर बंगाली, पंजाबी, लखनौचे, उडपीचे. गावात वासावरून कळायचं कोणाकडे कालवण काय आहे, इथे वासावरून कळतं कोण कुठल्या राज्याचं. आईचे पाट वॉशिंग मशीनच्या मागे उभे असतात. लग्नाला बोलावणी आली तर ती जाते, जेवते, येते. गायला सांगितलं तर म्हणते, "घसा बसलाय."

यंदा सेक्टरने कला-संस्कृती सप्ताह केला. मैदानात मांडव, रोज एकेकाची संध्याकाळ. बंगाली बायका लाल काठाच्या पांढऱ्या साड्यांत नाचल्या. पंजाब्यांनी तर आम्हा सगळ्यांनाच नाचवलं. लखनौच्या शबानाभाभींनी गझला म्हटल्या, तेव्हा आई डोळे पुसत माझ्या कानात म्हणाली, "समजत काय नाय, पन रराया येतंय." केरळवाल्यांच्या दिवशी सजीने गळ्यात चेंडा, म्हणजे त्यांच्याकडचा ढोल, अडकवून असा काही बडवला की आमची तारा कानांवर हात ठेवून आजीच्या कुशीत शिरली.

शनिवारचा दिवस 'स्थानिक संध्याकाळ'. सप्ताहाच्या प्रमुख सुष्मितामॅडम आईकडे आल्या, "काकू, तुम्ही तर इथल्या ओरिजिनल!" आई मला म्हणाली, "गाव उठवला तवा कोनी नाय बोल्ला ओरिजिनल." पण तारानेही गळ घातली, आजीचं गाणं ऐकायचंय म्हणून. आई पाट घेऊन खाली उतरली. मला वाटलं, दोन ओळी म्हणेल आणि येईल.

मॅडमनी हौसेने सगळी तयारी केली होती. एका पाटावर त्यांची कॉलेजात जाणारी लेक रिया, नऊवारी गुंडाळून. दुसऱ्यावर समोरच्या विंगमधला पटेलांचा हर्ष, फेटा बांधून. दोघं खिदळत होती. आई स्टेजवर गेली, दोघांकडे बघितलं आणि तिने माइकच बाजूला सारला.

"या दोगांचा लगीन ठरलाय?"

"नाही हो काकू, फक्त डेमो आहे!"

"डेमो नाय. मी धवला लावला का लगीन लागला. मंग सोरवील कोन?"

मांडव खो खो हसला. आई हसली नाही. तेव्हा मॅडमचाही चेहरा बदलला आणि त्यांनी लेकीला दंडाला धरून पाटावरून उठवलं. हर्षची आई दुसऱ्या बाजूने धावत आलीच होती. पाट रिकामे झाले. आता कार्यक्रमाचं काय? मॅडम बिचाऱ्या घामाघूम.

आईने मांडवावर नजर फिरवली, मला शोधलं आणि माइक नसताना, त्या जुन्या आवाजात म्हणाली, "माजी पोर हाय. तिचा लगीन ऱ्हायलाय."

काय सांगू तुम्हाला! अंगात कुर्ता, मांडीवर पोर, हातात अर्धवट खाल्लेलं मक्याचं कणीस, आणि अख्खं सेक्टर वळून माझ्याकडे बघतंय. सजी तर पटकन उठून स्टेजकडे निघालासुद्धा. मी स्टेजवर गेले खरी, पण माझं पित्त खवळलं होतं. आईच्या जवळ जाऊन म्हटलं, "आता? तेव्हा का नाही धवला म्हटलास? तुझा याच्यावर राग होता ना?"

आई माझ्याकडे बघतच राहिली. "याच्यावर? ह्यो पोटासाठी आलेला पोऱ्या, याच्यावर कसला राग?" मग हळू आवाजात म्हणाली, "धवल्यात पयला आवतन देवांना. गावदेवीला, खारीवरच्या देवाला, डोंगरावरच्या वाघोबाला. तवा देवी पत्र्याच्या शेडमदी, डोंगर निम्मा कापलेला. हाक मारली नि ते आलं असतं, त कुठं बसवला असता? देवांना आवतन देऊन दारात उभा ठेवू?"

इतकी वर्षं मी काय धरून बसले होते, आणि ही काय धरून बसली होती!

"आनि आता?"

"आता मना ठाव हाय कोन कुठं हाय. देवीला देऊल झाला. वाघोबाची शिला तिच्या अंगनात आनली. खारीवाला कुठं जातंय, तो हाय तितंच. बस पाटावर."

आम्ही बसलो. आईने पदर सारखा केला, डोळे मिटले आणि हाक घातली. आधी गावदेवीला, मग वाघोबाला, मग खाडीच्या देवाला. आवाज चिरकत होता, दोनदा तुटला, पण थांबला नाही. डोक्यावरून विमान गेलं तेव्हा मात्र ती गप्प बसली, त्याला जाऊ दिलं आणि सोडलेल्या जागेवरून पुन्हा उचललं. मग एकदम डोळे उघडून सजीला विचारलं, "तुज्या गावची देवी कंची?"

"भगवती, आई. तळ्याजवळ आहे."

आईने पालक्काडच्या भगवतीला तळ्याकाठून उठवलं आणि पनवेलला आणून मांडवात बसवलं. सजी तोंड फिरवून रडत होता. पुढच्या रांगेतून शबानाभाभी हुंदके देत होत्या आणि मॅडम त्यांना रुमाल देता देता स्वतःच रडत होत्या.

शेवटी पाठवणीचा धवला. लग्नाला आठ वर्षं झाली, रोजचा चहा आईकडे पिते, तरी मी तिच्या गळ्यात पडून, दमे, तू रडली होतीस तशी भोकाड पसरून रडले. तुम्ही फोनवर विचारता ना, तिकडे आता आपलं काय उरलंय म्हणून? गाव नाही उरलं, बायांनो. पण मला वाटलं होतं तसं माहेर गेलं नव्हतं. ते त्या संध्याकाळी मी रीतसर सोडलं.

सगळं आटोपल्यावर आईने एक पाट सजीच्या हातात दिला, एक माझ्या. ताराला कडेवर घेतलं. आम्ही लिफ्टमध्ये शिरलो. दुसरा मजला आला तशी तिने ताराला सजीकडे दिलं, पाट काखेत मारले आणि बाहेर पडली. दार बंद होता होता म्हणाली, "पोचलीस का फोन कर."

पाचव्या मजल्यावर उतरले, चपला काढल्या आणि आधी फोन केला. "पोचले गं आई."

"बरा झाला," ती म्हणाली. "दार लावून घे."